मधुघटाचा त्याग

ज्यास नाहीं म्हणण्याची मुभाच नाहीं, त्याच्या देण्यास त्याग म्हणावें काय? हा प्रश्न आमच्यापुढें कोणा तत्त्ववेत्त्यानें नव्हे, तर मुंग्यांनीं उभा केला.

आम्ही अमेरिकेंतील ॲरिझोना राज्यांत राहतों. तेथील वाळवंटांत उन्हाळ्यांतील मोठा पाऊस पडून गेला कीं मधुघट मुंग्यांच्या राण्या मीलनासाठीं उडतात. पंख गाळून बसलेली अशी एक राणी आम्हीं अंगणांतून आणली, आणि एका टोकास पाणी व ओला कापूस असलेल्या कांचेच्या नळींत ठेवून वर काळें कापड घातलें. तिनें कित्येक आठवडे अन्नास तोंड लाविलें नाहीं. निरुपयोगी झालेले पंखांचे स्नायू व अंगांतील चरबी झिजवून तिनें पहिल्या लेकी पोसल्या. त्या अगदींच बारीक निघाल्या. पुढें साखरेचें पाणी व फळमाशा यांवर कुटुंब वाढलें, तेव्हां आम्हीं त्यास प्लास्टरचें, खडबडीत छताचें घर करून दिलें.

वर्षभरांत चार-पांच मुंग्या त्या छतास लोंबूं लागल्या. इतर मुंग्या गोड रस आणून त्यांस भरवितात. तो त्यांच्या पोटांतील सामाईक कोठींत सांठतो. पोट ताणत ताणत लहान द्राक्षाएवढें होतें, आणि हिंडणें-फिरणें संपतें. टंचाईच्या दिवसांत भुकेली बहीण येऊन मिशांनीं स्पर्श करिते, आणि ही तिला थेंब परत देते. हेन्री मॅक्कुक या अमेरिकन धर्मोपदेशकानें कोलोरॅडोंतील ‘गार्डन ऑफ द गॉड्स’ येथें या मुंग्यांचें निरीक्षण करून १८८२ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. आमच्याकडे येणारे मराठी स्नेही मात्र ग्रंथावांचूनच निर्णय देत, “केवढा हा त्याग!” आम्हीही मान डोलवीत असूं.

एके दिवशीं पेटीस धक्का लागून त्यांतील एक मुंगी खालीं पडली. जड पोटामुळें तिला उठतां येईना. बहिणी येत, थेंब मागून घेत आणि निघून जात. तिला वर चढविण्याचा प्रयत्न कोणी केला नाहीं. दुसऱ्या दिवशीं ती मेली.

त्या रात्रीं आम्हांस आमच्या आत्याबाई आठवल्या. लहान वयांत वैधव्य येऊन त्या माहेरीं परतल्या. घरांतील बाळंतपणें, आजारपणें, पंगती सारें त्यांच्याच हातून पार पडे. वडील माणसें त्यांस ‘घरची अन्नपूर्णा’ म्हणत. त्यांनीं एकदां शिक्षिका होण्यासाठीं ट्रेनिंग कॉलेजांत जाण्याची इच्छा बोलून दाखविली. “तुमच्यावांचून घर कसें चालेल?” असें सर्वांनीं कौतुकानें म्हटलें, आणि तेवढ्यावर तो विषय संपला.

कोणी म्हणेल, मुंगीस इच्छा कोठें आहे? आमचें म्हणणें हेंच आहे. बर्ट हॉल्डॉब्लर यांनीं १९७६ सालीं ॲरिझोनांतील या मुंग्यांविषयीं जें लिहिलें, तें येथें ध्यानांत घेण्याजोगें आहे. बलिष्ठ वारूळ शेजारच्या दुबळ्या वारुळावर चाल करून जातें, तेथील राणी मारली किंवा हांकलून दिली जाते, आणि मधुघट मुंग्या ओढून नेल्या जातात. जी लुटून नेतां येते आणि नव्या धन्याच्याही उपयोगी पडते, तिला कोठी म्हणावें. त्यागमूर्ति म्हणूं नये. निसर्गानें तिला कोठी केलें, यांत कोणाचा दोष नाहीं. परंतु इच्छा असलेल्या माणसास आपण कोठी करितों आणि वर त्यागाचें नांव देतों, तेव्हां त्या स्तुतीनें आपलेंच ऋण फेडल्यासारखें आपणांस वाटतें. वास्तविक तें फिटत नाहीं; फक्त मागणाऱ्याचें तोंड बंद होतें.

हें लिहितांना आम्ही स्वतःस वगळीत नाहीं. पेटीस लागलेला तो धक्का पाहुण्यांस मौज दाखविण्याच्या आमच्याच हौसेचा होता. आतां आम्ही पेटी क्वचितच उघडतों. आणि अन्नपूर्णेच्या हातचें पोटभर जेवलेल्या आमच्यांपैकीं एकानेंही, “आत्याबाई, तुम्हांस काय हवें होतें?” असें कधीं विचारलें नाहीं. त्या आज हयात नाहींत. वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं अशी अन्नपूर्णा अजून आहे, त्यांस तो प्रश्न आजही विचारतां येईल.