स्मरण, विचार आणि निवांत मन

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस अटनाच्या ओघात मावळ प्रांती जाणे झाले. ऋद्धिपूर, डोमेग्राम, फलटण, जाळीचा देव या आपल्या नेहमीच्या वाटा; त्यामानाने मावळ दूरचाच. लोणावळ्याला लागून असलेल्या वलवण गावी एका वासनिक कुटुंबात चार दिवस मुक्काम घडला. घरचे गृहस्थ रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झालेले, नित्यनेम सांभाळणारे आणि प्रश्न विचारणारे. प्रश्न विचारणारा वासनिक भेटला की मुक्काम सुखाचा होतो, हा माझा अनुभव आहे.

दुसऱ्या दिवशी देवपूजेनंतर त्यांनी दंडवत घालून विचारले, “बाबा, सहा महिने झाले, मी पहाटे श्वासाकडे लक्ष ठेवून बसतो. मन खरोखर निवांत होते. पूर्वी कधी झाले नव्हते इतके. पण त्यानंतर स्मरणाला बसलो की अडचण येते. नाम घ्यायचे, श्रीमूर्ती ध्यानी आणायची, लीळा आठवायची, म्हणजे निजलेल्या मनाला पुन्हा कामाला लावायचे. मग स्मरण ही निवांतपणाच्या अलीकडची पायरी समजावी की पलीकडची?”

अशा प्रश्नाला ‘हे अन्य मार्गाचे आहे’ असे म्हणून बाजूला सारणे फार सोपे असते. अन्यव्यावृत्ती हे आपल्या सूत्रपाठातील एक प्रकरणच आहे. परंतु व्यावृत्ती म्हणजे न ऐकताच नाकारणे नव्हे. जे नाकारावयाचे ते आधी नीट समजून घ्यावे लागते. शिवाय हा प्रश्न त्या परिसरात उठावा हे स्वाभाविकच आहे. कार्ले आणि भाजे येथील लेणी तेथून जवळच आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्षू त्या डोंगरांत एकांतासाठी राहिले. अलीकडच्या काळात स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. आसन-प्राणायामाने शरीरात काय घडते ते यंत्रांनी मोजून पाहावे, ऐकीव गोष्टींवर विसंबू नये, ही त्यांची दृष्टी होती. त्या दृष्टीचा आदरच केला पाहिजे. श्वास मंदावला, शरीराचा ताण उतरला, की मनाची धावपळ कमी होते हे खरे आहे आणि ते कोणत्याही मार्गाच्या साधकाला उपयोगी आहे. ज्याचे मन बाजारासारखे गजबजलेले, त्याच्या मुखी नाम असते आणि मनात कोर्टाची तारीख. आपल्याकडे विजन सांगितले ते उगीच नाही.

तथापि यंत्र मोजते ते शांततेचे प्रमाण. ते शांत झालेले मन कोणाकडे तोंड करून आहे, हे यंत्राला विचारण्यात अर्थ नाही; तो त्याचा विषयच नव्हे.

गृहस्थांच्या शंकेचे मूळ मात्र यंत्रात नसून पातंजल योगशास्त्रात आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. पतंजलींनी चित्ताच्या वृत्तींचा निरोध म्हणजेच योग असे म्हटले आणि वृत्ती पाच सांगितल्या: प्रमाण, विपर्यय, विकल्प, निद्रा आणि स्मृती. पाचवी वृत्ती स्मृती! निरोध करावयाच्या यादीत स्मृती आहे, आणि आपल्या असतिपरीचा तर सगळा डोलारा स्मरणावर उभा. वरवर पाहता विरोध उघड दिसतो. पण तेच पतंजली त्याच पादात पुढे श्रद्धा, वीर्य, स्मृती, समाधी, प्रज्ञा असा साधनांचा क्रम लावतात, आणि जप करावा तो अर्थाच्या भावनेसह करावा असेही सांगतात. म्हणजे स्मृती निरोधाचा विषयही आहे आणि साधनही आहे. आणखी एक गोष्ट साधकांनी लक्षात घेण्यासारखी आहे. निद्रेलाही त्यांनी वृत्तीच म्हटले. मन गप्प झाले एवढ्यावरून ते निवळले असे ठरत नाही. ते पेंगलेलेही असू शकते. पहाटे मांडी घालून पेंगणारे साधक मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांत मीही आहे.

येथपर्यंत योगशास्त्राची साक्ष झाली. आपल्या शास्त्राचे म्हणणे याच्याही पुढचे आहे, आणि ते मला संहार प्रकरणाचा विचार करताना स्पष्ट झाले. संहारकाळी प्रपंच मावळतो. देह नाही, इंद्रिये नाहीत, मनाचा कसलाही व्यापार नाही. इतकी निश्चलता कोणत्याही गुहेत कोणाला लाभणार नाही. तरी त्या निश्चलतेने एकही जीव सुटत नाही. पुढची सृष्टी होताच तोच जीव, तीच अनादी अविद्या, तेच कर्म, आणि संसरण पुन्हा चालू. जर मनाचे थांबणे हाच मोक्ष असता, तर संहारात सर्व जीवांचा उद्धार होऊन गेला असता आणि परमेश्वराला अवतार घेण्याचे प्रयोजनच उरले नसते.

याचे कारण जीवाच्या स्वरूपातच आहे. देवता नित्यबद्ध, परमेश्वर नित्यमुक्त आणि जीव बद्धमुक्त. म्हणजे तो मुक्त होऊ शकतो, पण स्वतःच्या बळावर नव्हे. मन निवांत केले तर जीव आपल्यापाशी येतो हे मान्य करू. पण त्याच्यापाशी जे मुळातच नाही ते त्याला स्वतःपाशी येऊन कसे मिळावे? दरिद्री माणसाने दार लावून घेतले तर बाहेरचा गोंगाट थांबेल. घरात धान्य येणार नाही.

मग विचाराचे काम कोणते? सूत्रपाठात आचार आणि विचार ही दोन स्वतंत्र प्रकरणे आहेत, आणि आचारमालिकेपाठोपाठ विचारमालिकाही आहे. विचार म्हणजे मनात आपोआप उठणाऱ्या तरंगांची रांग नव्हे. ते तरंग थांबले तर आनंदच आहे. विचार म्हणजे हे कोणाचे वचन, ते कोणत्या प्रसंगी निघाले, त्यातील विधी कोणता, निषेध कोणता आणि तो मला आज कसा लागू पडतो, याचा जाणूनबुजून केलेला शोध. महदाइसा स्वामींना सतत पुसत राहिल्या, त्यांच्या पुसण्याने कितीतरी निरूपण प्रकट झाले. स्वामींनी त्यांना ‘आता गप्प बसा, मन निवांत करा’ असे सांगून वाटेला लावले नाही. लीळाचरित्राचा जन्मही असाच आहे. ऋद्धिपुरी आचार्य श्रीनागदेव एकांती बसून लीळांचे स्मरण करीत असत. त्यांच्याजवळ असलेल्या म्हाइंभटांनी, आपण हे काय करता, असे विचारले, आणि त्या एका प्रश्नातून मराठीतील तो आद्य चरित्रग्रंथ उभा राहिला. पुढे म्हाइंभटांनी एकेका लीळेसाठी साक्षीदार शोधले, ज्याने जे पाहिले-ऐकले ते त्याच्याकडून घेतले, पडताळले. आचार्यांचे निवांत स्मरण आणि म्हाइंभटांचा चौकस विचार हे दोन्ही एका ठिकाणी आले नसते, तर आज आपण कोणत्या लीळा आठवणार होतो?

तिसऱ्या दिवशी सायंकाळी गृहस्थ मला धरणाकडे घेऊन गेले. तेथील दृष्टांत सांगतो. त्या पठारावरच्या पाण्याचा स्वाभाविक उतार पूर्वेकडे. इंद्रायणी तशीच देहू-आळंदीकडे वाहत जाते. धरणाची भिंत पाणी अडवते. अडलेले पाणी आरशासारखे स्थिर दिसते, पर्यटक त्याचीच छायाचित्रे काढतात. पण ते पाणी वळवून पश्चिमेकडे नेतात आणि नळांतून घाटाखाली सुमारे 500 मीटर खाली सोडतात. खोपोलीचे वीजगृह 1915 सालापासून त्यावर चालत आले आहे. आता दार्ष्टांतिक. भिंत म्हणजे संयम, स्थिर पाणी म्हणजे निवांत मन. परंतु पाण्याने कोणत्या बाजूला जावे हे भिंत ठरवीत नाही; ते ज्याने आखले त्याने ठरवले. ते आखणे म्हणजे विचार. आणि वळवलेल्या पाण्याचे जाणे म्हणजे स्मरण. स्थिर राहणे आणि वाहणे यांत विरोध नाही. साठा स्थिर आहे म्हणून तर धार एकसारखी लागते. दृष्टांत येथेच सोडावा. खोपोलीची वीज पाण्याच्याच पडण्यातून निघते. उद्धार मात्र जीवाच्या बळातून निघत नाही. तो श्रीप्रभूंच्या कृपेचा.

गृहस्थ बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “बाबा, खरी अडचण वेगळीच आहे. आई.”

त्यांच्या मातोश्रींनी ऐंशी ओलांडली आहे. जन्मभर नेमाने नाम घेतलेली ही माउली आता सारे विसरली आहे. मुलाचे नावही पुष्कळदा आठवत नाही. पहाटे जाग आली की हाका मारते, “गाडी आली का?” उत्तर दिले तरी थोड्या वेळाने पुन्हा तेच. “माझे मन नुकते लागलेले असते आणि हाक येते. इतका संताप होतो, बाबा, की मग दिवसभर मला माझीच लाज वाटते. उठावे की बसून राहावे?”

त्यांना मी शास्त्रवचन सांगितले नाही. माझी एक गोष्ट सांगितली, ती येथेही लिहितो. सुमारे तीस वर्षांपूर्वी एका आश्रमात असताना मला एकाग्रतेची गोडी लागली होती. रात्री उशिरापर्यंत बसत असे. शेजारच्या खोलीत एक वृद्ध बाबा ज्वराने पडले होते. एका रात्री त्यांनी पाण्यासाठी दोनदा हाक मारली. मी ती ऐकली. मन फार छान लागले होते, ते मोडेल म्हणून मी उठलो नाही. सकाळी पाहतो तो उंबऱ्यापाशी लोटा कलंडलेला आणि बाबांचे मनगट सुजलेले. ते स्वतःच उठले होते आणि पडले होते. मला पाहून म्हणाले, “काय रे, स्मरण चांगले झाले ना?” त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो असता तर बरे झाले असते.

नंतर मला कळले की त्या रात्री माझ्याजवळ निवांतपणा होता, स्मरण नव्हते. स्वामी भक्तांच्या भुकेची, थकव्याची, दुखण्याखुपण्याची विचारपूस करतात अशा लीळा मी मुखोद्गत केल्या होत्या. त्यांतील एक जरी त्या क्षणी खरोखर आठवली असती, तर तिनेच मला उठवले असते. स्मरण नाम-मूर्तीचे तसे लीळा-चेष्टांचेही असते ते यासाठीच. ज्या शांततेला एक हाक सोसवत नाही, ती शांतता नसून गोडी आहे. आणि गोडीच्या आड विकार निवांत बसून असतो.

मातोश्रींच्या बाबतीत त्यांनी जाता जाता आणखी एक विचारले. तिला काहीच आठवत नाही, मग तिच्या स्मरणाचे काय झाले? मी म्हणालो, तिने जे केले ते तिच्या आठवणीत उरले नसेल. पण ज्यांचे केले त्यांना आपण सर्वज्ञ म्हणतो. तिची चिंता करू नका. तुम्हाला अजून आठवते आहे, चिंता तुमची आहे.

चौथ्या दिवशी पहाटे मी निघण्याच्या तयारीत होतो. गृहस्थ देवघरात बसले होते. आतून हाक आली, “गाडी आली का?” ते उठले. “येतेय, आई,” म्हणाले, तिच्या अंगावरचे पांघरूण सारखे केले, तिला दोन घोट पाणी दिले आणि परत येऊन बसले. सुटलेले स्मरण त्यांनी होते तेथूनच धरले की पहिल्यापासून आरंभिले, ते मी विचारले नाही.