कुलूप कशाला, पडदा कशाला?

मंडळी, 6 एप्रिल 2018 आठवतो? संरक्षण मंत्रालयाची वेबसाइट नीट उघडेना आणि पानावर एक चिनी अक्षर दिसायला लागलं. झालं! चीनने हल्ला केला! गृह मंत्रालयाचीही साइट बंद पडल्यावर तर खात्रीच पटली. मीसुद्धा दोन ग्रुपवर पाठवून दिलं.

नंतर सरकारने सांगितलं, हॅकिंग नाही, यंत्रात बिघाड झालाय. ते अक्षर ‘झेन’, म्हणजे साइट ज्या तयार साच्यावर बनवली होती त्याचं चिन्ह. आणि गंमत बघा, झेन शब्द मुळात आपल्या ‘ध्यान’वरूनच गेलेला. ध्यान बघून आपण घाबरलो!

तरी आमच्याकडे बरेच जण म्हणालेच, “लपवतायत.” असं का वाटावं? दागिन्यांच्या कपाटाला कुलूप असतं, त्याचा राग कोणाला येत नाही. पण घरखर्चाची वहीही कुलपात गेली, की कुजबुज सुरू होते. 2005 च्या माहिती अधिकार कायद्यात देशाच्या सुरक्षेला धोका होईल अशी माहिती रोखायची मुभा आहे, पण बरीचशी माहिती कार्यालयांनी न मागता जाहीर करायची, असंही कलम 4 मध्ये आहे. सर्व्हरचा पासवर्ड नकोच सांगू कोणी. काय बिघडलं, ते तरी वेळेवर सांगा.

राहिला माझा फॉरवर्ड. तो चुकीचा होता, हे त्या दोन ग्रुपवर मी आजपर्यंत कळवलेलं नाही.