प्रवासी, रहिवासी आणि कुलूपबंद घर

महाबळेश्वर आणि पाचगणी या गिरिस्थान नगरपरिषदांवर पडणारा भार आणि त्यांच्या हाती येणारा पैसा यांचा मेळ बसत नाही, याबद्दल दुमत नाही. २०११ च्या जनगणनेत महाबळेश्वर शहराची लोकसंख्या सुमारे १३ हजार होती आणि पाचगणीची १५ हजारांच्या आत. अनुदान आणि कर्मचाऱ्यांचा आकृतिबंध ठरवताना वजन असते ते या कायम वस्तीला. प्रत्यक्षात दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात पाणी, कचरा आणि सांडपाणी यांचे प्रमाण कितीतरी पटींनी वाढते. जोडून सुट्ट्या आल्या, पसरणी घाटात गाड्यांच्या रांगा लागल्या की ही विसंगती बातमीत येते आणि दर वेळी चर्चा त्याच मुक्कामी थांबते : पर्यटक फार झाले, प्रवासी कर वाढवा, गाड्या खालीच अडवा. ही चर्चा उथळ आहे. डोंगरावर किती माणसे येतात हे ती मोजते. डोंगर कोणाच्या ताब्यात जातो आणि त्या ताब्याबद्दल कोण काय देतो, हे मोजत नाही.

महाबळेश्वरचा जन्मच हंगामी वस्तीसाठी झाला, हे आधी मान्य करायला हवे. मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांनी १८२८ मध्ये येथे आरोग्यधाम उभारण्याचे ठरवले आणि पुढच्या वर्षी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार करून वाईजवळच्या खंडाळ्याच्या बदल्यात ही जागा मिळवली. पुढे इंग्रज अधिकारी, पारशी व गुजराती व्यापारी, संस्थानिक यांचे बंगले येथे झाले आणि पावसाळा लागला की ते बंद होत. बंद घर ही येथली नवी गोष्ट नव्हे. फरक आहे तो जमिनीच्या हक्काचा. जुन्या बंगल्यांचे भूखंड बहुतांशी सरकारी भाडेपट्ट्याचे होते. जमीन सरकारची राहिली, पट्ट्याला मुदत आणि अटी होत्या आणि भाव वाढला तर नूतनीकरणाच्या वेळी त्यातला वाटा सार्वजनिक तिजोरीत येण्याची निदान शक्यता होती. गेल्या काही दशकांत गावाच्या भोवती जे उभे राहिले ते शेतकऱ्याकडून विकत घेतलेल्या, अकृषिक करून घेतलेल्या जमिनीवर, कायमच्या मालकीने. तेथे वाढलेला भाव ज्याचा त्याच्याकडे राहतो.

आता करांकडे पाहावे. नाक्यावर घेतला जाणारा प्रवासी कर ठळकपणे दिसतो म्हणून त्यावर वाद होतात. एक दिवसासाठी वाईहून आलेले कुटुंबही तो भरते. हॉटेलमालक घरपट्टी आणि पाणीपट्टी बिगरनिवासी दराने देतो. खोलीच्या भाड्यावर २०१७ पर्यंत राज्याचा चैनीवरील कर होता, तो वस्तू व सेवा करात विलीन झाला. सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्यावरच्या खोलीवर १८ टक्के असा हा कर आहे, पण तो केंद्र आणि राज्य यांच्यात वाटला जातो. ज्या नगरपरिषदेच्या नळावर आणि गटारावर ती खोली चालते तिला त्यातून थेट काही मिळत नाही. नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये बंद झाली आणि तिच्या जागी राज्याचे अनुदान आले. जमिनीच्या खरेदीवरचे मुद्रांक शुल्क राज्याचे. स्थानिक संस्थेच्या वाट्याला येतो तो एक टक्क्याचा अधिभार, तोही खरेदीच्या वेळी एकदाच आणि राज्याच्या तिजोरीतून फिरून. नगरपरिषदेचे स्वतःचे म्हणावे असे भक्कम साधन एकच उरते, घरपट्टी.

घरपट्टीचा पारंपरिक पाया १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियमात आहे. घर भाड्याने दिले असते तर वर्षाला किती भाडे आले असते याचा अंदाज करायचा, दुरुस्तीसाठी १० टक्के वजा करायचे आणि उरलेल्या करयोग्य मूल्यावर कर बसवायचा. भाडेनियंत्रण लागू असलेल्या घराचे मूल्य प्रमाणित भाड्याच्या वर धरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये ठरवले. चातुर्वार्षिक आकारणी पुढे ढकलण्याची सवय सगळ्याच नगरपरिषदांना आहे, कारण हरकती घेणारे मतदार असतात. भांडवली मूल्याचा पर्याय नंतर कायद्यात आला, तरी मूळ दोष त्याने जात नाही. आकारणीची वही दोनच प्रकार ओळखते, निवासी आणि बिगरनिवासी. बारा महिने तेथे राहणाऱ्या शिक्षकाचे दोन खोल्यांचे घर निवासी आणि वर्षातून दहा दिवस उघडणारा, बाकी काळ रखवालदाराच्या भरवशावर असणारा बंगलाही निवासीच. रोज माणसांना काम देणाऱ्या हॉटेलावर मात्र चढा दर.

केंद्राच्या कायद्याने या उणिवेत भर घातली. मालकाने स्वतःच्या वापरासाठी ठेवलेल्या दुसऱ्या घरावर प्राप्तिकर कायदा काल्पनिक भाडे धरत असे. २०१९ च्या अर्थसंकल्पाने दोन घरांचे वार्षिक मूल्य शून्य धरण्याची मुभा दिली आणि २०२५ च्या दुरुस्तीने तर मालक तेथे का राहत नाही हा प्रश्नही काढून टाकला. मुंबई-पुण्यातल्या सुस्थित कुटुंबाला ही सवलत मिळाली, पण ते दुसरे घर ज्या डोंगरावर आहे तेथील स्थानिक संस्थेने काय करावे, याचा विचार त्यात कोठेच नव्हता.

या सर्वांवर एक उत्तर नेहमी दिले जाते आणि ते वरवर इतके पटते की त्याचा समाचार सविस्तर घेणे भाग आहे. उत्तर असे : बंद बंगल्यासारखा चांगला करदाता नाही. तो वर्षभराची पट्टी भरतो, पाणी दहा दिवस वापरतो, कचरा जवळजवळ करत नाही, त्याची मुले नगरपरिषदेच्या शाळेत येत नाहीत. शिवाय त्याच्यामुळे जमिनीचा भाव वाढला, स्थानिक शेतकऱ्याला पैसा मिळाला, गवंड्याला आणि सुताराला काम मिळाले. मग तक्रार कशाची?

पहिली चूक हिशेबाची आहे. पाणी योजनेचा खर्च वर्षभरात वापरलेल्या लिटरांवर ठरत नाही. सर्वांत जास्त मागणीच्या दिवशी किती पाणी लागेल यावर टाकी, वाहिनी आणि पंप यांचा आकार ठरतो. सगळे बंगले वेगवेगळ्या महिन्यांत उघडले असते तर हा युक्तिवाद टिकला असता. ते एकाच वेळी, त्याच दिवाळीत आणि त्याच मे महिन्यात उघडतात, जेव्हा हॉटेलेही भरलेली असतात. १८४२ मध्ये साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी बांधून घेतलेल्या वेण्णा तलावावर त्या आठवड्यांत जो ताण येतो, तोच पुढच्या योजनेची किंमत ठरवतो. ती क्षमता उरलेले अकरा महिने पडून राहते आणि तिची देखभाल बारा महिने येथे राहणाऱ्याच्या पट्टीतून होते. हॉटेलाची खोली निदान वर्षातला बराच काळ ती क्षमता वापरून त्याचे मोल देते.

दुसरी चूक जमिनीची. केंद्राच्या जानेवारी २००१ च्या अधिसूचनेने महाबळेश्वर-पाचगणी हा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील प्रदेश ठरला. वनजमीन, उतार आणि जलस्रोत वगळून बांधण्याजोगी जागा तेथे मोजकी आहे. ज्या ठिकाणी जागा वाढवता येत नाही, तेथे रिकामे ठेवलेले प्रत्येक घर हे कोणाचे तरी न झालेले राहते घर असते. हॉटेलातला वाढपी, टॅक्सी चालवणारा, घोडा हाकणारा, दवाखान्यातली परिचारिका यांना गावात परवडेल असे छप्पर मिळत नाही. ते दाटीवाटीने राहतात किंवा खालच्या गावांतून रोज घाट चढून येतात. जमिनीचा भाव वाढल्याचा फायदा विकणाऱ्याला एकदा होतो. त्याच्या मुलाला त्याच गावात घर घ्यायचे झाले की तोच भाव त्याच्या विरोधात जातो. ज्याच्या नावे सात-बारा नाही, त्याच्या वाट्याला तर पहिल्यापासून तोटाच. स्थानिक श्रीमंत झाला असे म्हणताना स्थानिक म्हणजे जमीनदार एवढेच गृहीत धरलेले असते.

तिसरी चूक अशी की घर बंद असले म्हणजे त्याचा भार थांबतो असे मानले जाते. बंगल्यासाठी कापलेला उतार, बुजवलेला ओढा, फरसबंद केलेले अंगण पावसाळ्यातही तसेच असते. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरात एका दिवसात सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दिवसांत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव येथे दरडींनी माणसे गाडली. दरडींची कारणे अनेक असतात आणि त्या दोन गावांचा दोष कोणा बंगल्यांवर टाकता येणार नाही. तरीही डोंगराची कूस कापून बसलेल्या घराचे पाणी कोठे जाते, हा प्रश्न मालक आत आहे की नाही यावर अवलंबून नसतो. वाहून गेलेला रस्ता नगरपरिषदेला दुरुस्त करावाच लागतो.

रोजगाराचा मुद्दा बांधकाम चालू असेपर्यंत खरा आहे. बांधकाम संपले की बंगल्यामागे एक रखवालदार उरतो. गवंड्याचे काम चालू ठेवायचे तर दर वर्षी नवे बंगले बांधत राहावे लागेल, म्हणजे जमीन खात राहावी लागेल. पर्यटनाचा व्यवसाय जमीन राखून चालू शकतो, घरविक्रीचा व्यवसाय ती संपवूनच चालतो. मुळशी तालुक्यातल्या लवासा या गिरिस्थान प्रकल्पाचा अनुभव येथे पुरेसा आहे. १९९६ च्या गिरिस्थान नियमांच्या आधारे ते उभे राहिले, २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याची नोटीस दिली आणि २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. तेथे विकले जात होते ते घर, आणि भेट देण्याचे निमित्त त्या विक्रीपुरते.

बाहेरच्यांना जमीनच विकू नये, हा नेहमी सुचवला जाणारा एक उपाय. हिमाचलच्या १९७२ च्या कायद्यातले कलम ११८ किंवा आपल्या कुळकायद्यातले कलम ६३ खरेदीदार शेतकरी आहे का एवढेच पाहते, तो तेथे राहणार का हे पाहत नाही. दुसरा उपाय बुलडोझरचा, पण तो अनधिकृत बांधकामापुरता. परवाना घेऊन बांधलेल्या रिकाम्या घरापुढे तो निरुपयोगी आहे.

स्वित्झर्लंडने हा प्रश्न योग्य जागी पकडला. ११ मार्च २०१२ च्या सार्वमतात ५०.६ टक्के मतांनी असे ठरले की कोणत्याही गावात दुसऱ्या घरांचे प्रमाण २० टक्क्यांवर जाऊ नये. २०१६ पासून लागू झालेल्या कायद्याने मूळ रहिवाशाचे घर आणि पर्यटकांना नियमितपणे भाड्याने दिले जाणारे घर यांना वेगळी वागणूक दिली. त्या कायद्यात उणिवा आहेत. जुनी घरे मर्यादेतून सुटली आणि तीच चढ्या भावाने हंगामी मालकांकडे जाऊ लागली. तरी मालक कोठला यापेक्षा घर कशासाठी वापरले जाते, हा निकष तेथे कायद्याचा कणा झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये तेथील मतदारांनी स्वतःच्या घरावरील काल्पनिक भाड्याचा कर रद्द केला, पण त्याच मतदानाने दुसऱ्या घरांवर खास कर बसवण्याचा अधिकार प्रांतांना दिला, कारण पर्वतीय प्रांतांचे उत्पन्न बुडणार होते. भारताने २०१९ मध्ये पहिली अर्धी गोष्ट केली आणि दुसरी राहू दिली.

म्हणून घरपट्टीच्या वहीत दोनऐवजी तीन रकाने हवेत : राहते घर, भाड्याने चालणारे घर आणि कुलूपबंद घर. राहत्या घराचा दर सर्वांत कमी असावा, मालक मूळचा कोठलाही असो. पुण्याहून येऊन पाचगणीत कायम राहणारे निवृत्त जोडपे राहत्या घरात धरावे आणि गावातल्याच सावकाराचा रिकामा बंगला कुलूपबंद घरात. पर्यटकांना रीतसर भाड्याने दिलेले घर, राज्याच्या निवास व न्याहारी योजनेतले असो वा खाजगी, मधल्या रकान्यात यावे, कारण ते गावात काम निर्माण करते. तिसऱ्या रकान्याचा दर भांडवली मूल्यावर आणि इतका चढा असावा की घर रिकामे ठेवण्यापेक्षा भाड्याने देणे मालकाला परवडावे. वापराचा पुरावा अवघड नाही. वर्षभराची वीजबिले, पाण्याचे मीटर आणि मतदारयादी मिळून बहुतेक घरांचा निकाल लागतो. वादाच्या घरांसाठी हरकत-सुनावणीची पद्धत कायद्यात आहेच. वडिलोपार्जित घरे, वारसांतले तंटे, आजारपण यांना सवलत द्यावी लागेल. या रकान्यासाठी अधिनियमात दुरुस्ती हवी आणि ती विधिमंडळच करू शकते.

हा प्रश्न आता दोन शहरांपुरता राहिलेला नाही. राज्याने साताऱ्याच्या डोंगरी भागातील २३५ गावांसाठी नवीन महाबळेश्वरचा प्रकल्प आखला आणि नियोजनाचे काम राज्य रस्ते विकास महामंडळाकडे दिले. आराखड्याचा मसुदा २०२४ मध्ये आला. या भागात कास पठार आहे, कोयनेचे खोरे आहे आणि धरणासाठी एकदा उठलेल्या लोकांची गावे आहेत. कांदाटी खोऱ्यातल्या झाडाणीच्या जमीनखरेदीचे प्रकरण त्याच वर्षी गाजले. येथे नियोजन महामंडळाचे आणि घरपट्टी ग्रामपंचायतींची, अशी विभागणी होते. २०१५ च्या दुरुस्तीनंतर ग्रामपंचायतींची आकारणी भांडवली मूल्यावर होते, त्यामुळे कुलूपबंद घराचा रकाना त्यांच्या नियमांत घालणे नगरपरिषदांपेक्षा सोपे आहे. मात्र तो बांधकाम परवान्याबरोबरच घालावा लागेल. परवाना देतानाच घराचा वापर नोंदवून घेतला आणि तो दर तीन वर्षांनी तपासला, तर पुढच्या आकारणीला आधार मिळेल. घरे विकली गेल्यावर हा दर लावायचा झाला तर प्रत्येक मालक न्यायालयात जाईल आणि तोवर गावाचे पाणी, रस्ते आणि सांडपाणी यांचा खर्च मूळ गावकऱ्यांच्या पट्टीतूनच चालेल.