देवाचं पाणी झाकावं का?

सेलू तालुक्यातल्या वालूरची चक्राकार बारव गावकऱ्यांनी गाळ उपसून मोकळी केली. मोठं पुण्याचं काम! पण संथ, उघड्या पाण्यात मलेरिया पसरवणाऱ्या ॲनोफिलीस डासाची मादी अंडी घालते. मग पवित्र पाणी झाकणं अधर्म ठरतं का?

मुंबईत हा वाद शंभर वर्षांपूर्वीच पेटला होता. डॉ. बेंटली यांच्या 1911 च्या अहवालाने मलेरियासाठी शहरातल्या विहिरींकडे बोट दाखवलं. विहिरी बंद होऊ लागल्या, तेव्हा पारशी आणि हिंदू भाविकांनी हरकत घेतली. तोडगा निघाला बारीक जाळीच्या झडपेचा. पाणी शेंदता येईल, डास शिरणार नाही. श्रद्धेचं यात काहीच बिघडलं नाही.

घरातलं पाणी मात्र कुणाच्या श्रद्धेचं नसतं. मराठवाड्यात नळाचा भरवसा नाही, माणसं पाणी साठवणारच. रांजणाच्या तळाशी उरलेलं पाणी, टाकीचं फुटकं झाकण, अंगणात मच्छरदाणीविना टाकलेली बाज, इथूनच ताप घरात येतो. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा भांडी घासून कोरडी करायची.

अळ्या मारणं हिंसा वाटत असेल, तर थंडीतापाने कुडकुडणाऱ्या लेकराचाही हिशेब धरायला हवा. आणि जिथे झाकण बसतच नाही, अशा पाण्यात गप्पी मासे सोडतात. ते अळ्या खातात.