डॅगनमच्या पाईपवाल्या मुली

चि. सई,


पथकात तुला ताशा मिळाला हे वाचून बरं वाटलं. मनगटं दुखणारच. रात्री शेकून घे, पण आईपुढे फार कण्हू नकोस, नाहीतर ती नदीपात्रातल्या सरावाला पाऊल ठेवू देणार नाही. मी पाठवलेल्या जुन्या फोटोतल्या लाल चौकड्यांच्या घागऱ्यातल्या मुली स्कॉटलंडच्या का, असं विचारलंस. नाहीत गं. इथल्या पूर्व लंडनजवळच्या डॅगनमच्या. आणि घागरा नव्हे, किल्ट म्हणायचं.

खरी परंपरा कुणाची यावरून तुमच्या ग्रुपवर हमरीतुमरी चाललीय म्हणतेस, म्हणून जरा पाल्हाळ लावते. पाईप बँड म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे धुकं, डोंगर आणि हजार वर्षांची वहिवाट उभी राहते. बॅगपाईप जुना आहे, यात शंका नाही. पण पाईपवाले आणि ड्रमवाले एकत्र चालवायची रीत एकोणिसाव्या शतकातली, आणि तीही पलटणीतली. हायलँड रेजिमेंटांना सरकारी खर्चाने पाईपवाले ठेवायची मुभा मिळाली 1854 मध्ये. पलटणीतून हे वेड नागरी वस्तीत उतरलं. ग्लासगोला लागून असलेल्या गोव्हनच्या पोलिसांनी 1883 मध्ये बँड काढला, मग खाणकामगारांनी काढले. शॉट्स या खाणींच्या गावातला, पुढे कितीदा तरी जगज्जेता ठरलेला बँड 1910 चा. म्हणजे आपला सार्वजनिक गणेशोत्सव आणि यांचे गावोगावचे बँड जवळजवळ समवयस्कच म्हणायचे!

डॅगनम तर त्याहून कोवळं. लंडन कौंटी कौन्सिलने 1921 पासून तिथे बेकनट्री वसाहत बांधायला घेतली. ईस्ट एंडच्या दाटीवाटीतून उठून आलेल्या लाखभर माणसांसाठी सव्वीस हजारांच्या आसपास घरं. नळ घरात, संडास घरात, पुढे-मागे बाग. सगळं होतं, पण आजी-आजोबा जुन्या गल्लीत राहिलेले आणि शेजारी कोण ते ठाऊक नाही. फोर्डचा कारखाना 1931 मध्ये सुरू झाला. मुलींची शाळा चौदाव्या वर्षी सुटायची. मग दुकान, कारखाना, नाहीतर कुणाच्या घरची धुणीभांडी.

अशा ठिकाणी रेव्हरंड जोसेफ वॅडिंग्टन ग्रेव्ह्ज या पाद्र्याने ऑक्टोबर 1930 मध्ये आपल्या चर्चच्या रविवारच्या शाळेतल्या बारा मुली गोळा केल्या. वयं अकराच्या आगेमागे. स्कॉटिश पाईप-मेजर, म्हणजे पाईपवाल्यांचा म्होरक्या, शिकवायला आणला आणि सराव सुरू केला, गाजावाजा न करता.

शिकायचं म्हणजे काय, ते तुला कळेल. आधी पिशवी नाहीच, नुसती सरावाची नळी. टेबलाशी बसून महिनोन्‌महिने बोटं घोटायची. सूर एकूण नऊ. फुंक पिशवीत जाते आणि कोपराने पिशवी दाबून हवा चालू ठेवायची, त्यामुळे आवाज मध्ये तुटतच नाही. खांद्यावरच्या तीन नळ्या आपल्या सनईच्या साथीला सूर धरणाऱ्यासारख्या एकच स्वर धरून बसतात. आता गंमत बघ: आवाज तुटत नसेल तर एकच स्वर दोनदा कसा वाजवायचा? मध्ये निमिषभर दुसऱ्या स्वराला बोट लावून. पाईपवरची ती सगळी नक्षी या अडचणीतून निघालेली आहे. आवाज लहान-मोठाही करता येत नाही, म्हणून दहा जणींची बोटं एकाच क्षणी पडली नाहीत तर साऱ्या मैदानाला ऐकू जातं. चोरी लपत नाही.

ग्रेव्ह्जना प्रसिद्धीचं अंग चांगलंच होतं. मुली तयार होईपर्यंत वाच्यता केली नाही आणि 1932 मध्ये पत्रकारांना बोलावूनच पडदा उघडला. (लंडनचं महाराष्ट्र मंडळ त्याच सालचं. आपली माणसं तेव्हा पाईप ऐकायला गेली असतील असं मात्र मला वाटत नाही.) रॉयल स्टुअर्ट या लाल चौकडीचे किल्ट घातलेल्या इंग्रज पोरी पाईप वाजवतायत म्हटल्यावर नाकं मुरडणारे निघालेच. एक तर स्कॉटिश नाहीत, त्यात मुली! पण आमंत्रणं थांबेनात. थोड्याच वर्षांत हा पगारी धंदा झाला आणि ज्यांना फार तर कारखान्याचा रस्ता होता, त्या पोरी युरोप फिरू लागल्या. 1937 मध्ये त्यांनी जर्मनीत हिटलरसमोरही वाजवलं. ही गोष्ट इथे कौतुकाने सांगतात तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो. दोनच वर्षांनी युद्ध पेटलं, आणि मग याच मुली सैनिकांच्या करमणुकीसाठी वाजवत होत्या.

माझं मत विचारशील तर पाद्रीबाबांपेक्षा मला त्या पहिल्या बारा जणींचं जास्त अप्रूप आहे. नव्या घराच्या पातळ भिंतीपलीकडे, नऊ सुरांची किरकिर रोज ऐकणाऱ्या शेजाऱ्यांचंही.

ग्रुपवर परंपरेवरून वाद घालणाऱ्या दादाला उत्तर देत बसू नकोस. पण मला एवढं विचारून कळव: तुमच्या पथकात पहिल्या वर्षी मुली किती होत्या, ताशाच्या काड्या त्यांच्या हाती कुणी दिल्या आणि ढोलांचे पैसे कुठून आले? पंचवीस वर्षांपूर्वीचंच तर आहे म्हणतेस, कुणाला तरी आठवत असेल. आणि कानात बोळे घालून वाजव. आमच्या ओळखीचे एक ड्रमवाले आजोबा आता दारावरची घंटाही ऐकू शकत नाहीत.

तुझी,
आत्याआजी