शून्यावरचा काटा

हार्बर मार्गाच्या ओव्हरहेड तारेवर एप्रिल २०१६ पर्यंत १५०० व्होल्टचा डीसी दाब होता. वाशी, नेरूळ, बेलापूरची स्टेशनं १९९० च्या दशकात कोरी करकरीत उभी राहिली. तार मात्र व्हीटी–कुर्ला मार्गावर १९२५ साली सुरू झालेली जुनीच चाल पुढे नेत होती. लाकडी पेटीतला, चामडी मुठीचा व्होल्टमीटर हा त्या डीसी जगाचा सोयरा.

एडवर्ड वेस्टनने १८८० च्या दशकात अमेरिकेत थेट आकडा दाखवणारा, उचलून नेता येईल असा भरवशाचा मीटर घडवला. तोवर बरीचशी मापं प्रयोगशाळेतल्या गॅल्व्हानोमीटरवर, आकडेमोड करून निघत. नालाकृती चुंबकाच्या मध्ये बारीक तारेचं वेटोळं, केसासारखी स्प्रिंग आणि काटा, एवढाच पसारा. वापरण्याची रीत ठरलेली: पेटी सपाट ठेवायची, स्क्रू फिरवून काटा शून्यावर आणायचा, अंदाज नसेल तर मोठी रेंज आधी घ्यायची, प्लस-मायनस सांभाळायचं. मापपट्टीखाली आरशाची चीर असते. एक डोळा मिटायचा आणि काट्याआड त्याचं प्रतिबिंब लपलं, की मगच आकडा वाचायचा. बघणाऱ्याची जागा चुकली तर आकडा चुकतो, हे इतक्या साधेपणाने मान्य करणारं दुसरं उपकरण मला ठाऊक नाही.

पण हा मीटर फुकट काम करत नाही. काटा हलवायला तो समोरच्या सर्किटमधूनच करंट घेतो. जुन्या मीटरचा रोध व्होल्टमागे शंभर ओहमच्या आसपास; म्हणजे काटा टोकाला जायला दहा मिलिअँपिअर. नाजूक सर्किटमध्ये तेवढ्यानेही दाब उतरतो, आणि आपण वाचतो तो मीटर लावल्यानंतरचा दाब. आजच्या डिजिटल मीटरचा रोध साधारण एक कोटी ओहम. तो जवळजवळ काहीच घेत नाही. त्याचं दुखणं निराळं. तुर्भे-महापेच्या कारखान्यांत एकाच पाइपातून शेजारी-शेजारी गेलेल्या वायरींपैकी एक तोडलेली असली, तरी डिजिटल मीटर तिच्यावर साठ-सत्तर व्होल्ट दाखवू शकतो. शेजारच्या चालू वायरीमुळे चढलेला तो पोकळ दाब. टेस्ट लॅम्प लावला की क्षणात मावळतो. जुना खादाड एसी मीटर त्याला सहसा फसत नाही. (अचूकतेच्या नादात हा खादाडपणा आपण दोष म्हणून नोंदवला, हे मला अजूनही पटत नाही.)

उलटी बाजू जास्त भयंकर. २०१६ च्या त्या बदलानंतर हार्बरच्या तारेवर २५,००० व्होल्ट एसी आला. तारेचं सोडा, घरातला २३० व्होल्टचा एसीच पुरेसा आहे. वेटोळ्याच्या डीसी मीटरला तो द्या: सेकंदाला पन्नास आवर्तनं, काट्याला कुठल्याच बाजूला धावायला सवड नाही. तो फार तर किंचित थरथरतो आणि शून्यावर उभा राहतो. दाब आहे, मीटर धडधाकट आहे, जोडणीही घट्ट आहे, आणि उत्तर शून्य.

म्हणून जाणते वायरमन लाइन बंद असल्याची खात्री करताना मीटर आधी चालू लाइनीवर लावून बघतात, मग बंद केलेल्या लाइनीवर, आणि मग पुन्हा चालू लाइनीवर. तिसरी खेप नवखे टाळतात. मीटर मधल्या मापाच्या वेळीच गेला असेल, तर ते फक्त तिसऱ्या खेपेला कळतं.