वारा कुठून होता?

समुद्र करायला सगळ्यात चांगली वस्तू म्हणजे टॉयलेट पेपर. निळ्या फोमच्या पाटीवर लाटांचे उंचवटे कोरायचे, त्यावर कागदाचे तुकडे पसरायचे आणि पाण्यात पातळ केलेला पांढरा डिंक, म्हणजे आपल्या फेविकॉलचाच भाऊ, ब्रशने वरून थापायचा. ओला कागद आपसूक सुरकुततो आणि त्या सुरकुत्या वाऱ्याने शहारलेल्या पाण्यासारख्या दिसतात. वाळला की रंग, रंगावर चकचकीत वार्निशचे तीन-चार हात, शेवटी लाटांच्या माथ्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने पांढरा फेस. चार पौंडांत समुद्र तयार.

हे शहाणपण मला महागात पडून आलं. आधी मी दोन भागांचं इपॉक्सी रेझिन आणलं होतं. ते पातळ थरांत ओतायचं असतं, एक थर घट्ट झाला की दुसरा. हार्डनर मिसळल्यावर ते घट्ट होताना उष्णता सोडतं आणि थर जाड असेल तर ती बाहेर पडायला वाव मिळत नाही. पॉलिमरच्या रसायनशास्त्राची परीक्षा मी कधीकाळी उत्तम गुणांनी पास झाले आहे. तरी एका रविवारी कंटाळून चार सेंटिमीटर एकदम ओतलं. तासाभरात स्वयंपाकघरात वास, मग धूर, मग कट्कन आवाज. माझा अरबी समुद्र पिवळा पडून मधोमध तडकला होता.

खरं पाणी का नाही वापरायचं, असं नवीन माणूस हमखास विचारतो. कारण पाण्याला लहान होता येत नाही. माझी बोट १:१४४ प्रमाणातली आहे. तिच्यावर तीन मिलिमीटरचा थेंब पडला तर तो तिच्या जगात त्रेचाळीस सेंटिमीटरचा होतो, कलिंगडाहून मोठा. विल्यम फ्रूड या इंजिनिअरने टॉर्कीजवळ १८७२ साली जहाजांच्या नमुन्यांसाठी लांब टाकी बांधली आणि लहान बोटीवरून मोठ्या बोटीचं गणित कसं मांडायचं ते दाखवून दिलं. त्याच्या नियमाने लांबी १४४ पट कमी झाली की लाटेचा वेग फक्त बारा पट कमी होतो. म्हणून टबातल्या लाटा नेहमी घाईत असल्यासारख्या वाटतात. सिनेमावाले खेळण्यातल्या बोटी बुडवताना कॅमेरा कितीतरी जोरात फिरवतात, तो याचसाठी. थोडक्यात, नमुन्याशेजारी खरं पाणी खोटं दिसतं आणि कागद-डिंक खरा दिसतो. ही गंमत मला फार आवडायची. हल्ली तिनेच मला अडचणीत टाकलं आहे.

बोट आहे रामदास. १७ जुलै १९४७, आषाढ अमावास्या, स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ही बोट काश्याच्या खडकाजवळ कलंडली आणि बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. पलीकडच्या कोळ्यांनी होड्या घालून काहींना वाचवलं. वाचलेल्यांत माझ्या आजीचे वडील नव्हते. ते गिरणीत होते, सणासाठी घरी यायला निघाले होते. आजी तेव्हा सहा वर्षांची.

मी न्यूकासलला पोस्टडॉक करायला आले ते लाटांच्या अभ्यासासाठी, बोटीसाठी नव्हे. इथे आल्यावर कळलं की रामदास याच टाईन नदीकाठच्या स्वान हंटर कंपनीने १९३६ साली बांधली होती. मी रोज ज्या नदीवरून जाते ती नदी आणि आजीच्या घरी जिचं नाव मोठ्याने घेत नाहीत ती बोट, यांचा असा संबंध असेल हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. गुरुवारी संध्याकाळी एका चर्चच्या हॉलमध्ये इथली मॉडेल करणारी मंडळी जमतात, बहुतेक सगळे निवृत्त. त्यांच्यात जायला लागले. बोट फोटो बघून बेतली, प्लॅस्टिकच्या पत्र्यातून कापली, त्यात दीड वर्ष गेलं. मग पाण्याची वेळ आली.

फोमची पाटी घेऊन गेले तेव्हा आयुष्यभर गोदीत काम केलेल्या एका आजोबांनी साधा प्रश्न विचारला, ‘वारा कुठून आहे?’ प्रश्न नेहमीचाच. धूर, निशाण आणि लाटा यांची दिशा जुळली नाही तर सगळा देखावा फसतो. चालत्या बोटीला मागे पाण्याची पाचर काढावी लागते. खोल पाण्यात तिची प्रत्येक कड बोटीच्या मार्गाशी साडेएकोणीस अंशांच्या आसपास कोन करते, हे केल्विनने १८८७ साली मांडलं होतं. मुंबई बंदर काही खोल नाही, तेव्हा तिथे हा आकडाही डोळे मिटून घेता येत नाही. हे सगळं मला येतं. पण त्या सकाळी त्या खडकाजवळ वारा नेमका कुठून होता, हे मला ठाऊक नव्हतं. ‘जुलै आहे, नैऋत्य धरा,’ असं मी म्हटलं आणि घरी येईपर्यंत तेच वाक्य मला बोचत राहिलं.

जुलैत मुंबईत वारा साधारण नैऋत्येचा असतो, यात चूक काही नाही. माझ्या कामात मी हेच करते. उत्तर समुद्रातल्या मोजमापांवरून १९७३ साली मांडलेलं एक सूत्र आम्ही वापरतो. वारा किती आणि किती अंतरावरून येतोय हे घातलं की कोणत्या लांबीच्या लाटांत किती ऊर्जा असेल ते मिळतं. मग कोणती लाट कुठे सुरू होते ते संगणकाला फासे टाकल्यासारखं ठरवू द्यायचं. पडद्यावर समुद्र येतो. त्याची आकडेवारी बरोबर असते, पण तो समुद्र कधीही, कुठेही झालेला नसतो. धक्का किंवा पवनचक्की बांधायची असेल तर तेवढं पुरतं, कारण तिथे प्रश्न ‘अशा’ समुद्राचा असतो. आजीच्या वडिलांचा प्रश्न ‘अशा’ लाटेचा नाही. ती एक लाट होती, एका सकाळची.

कोणी म्हणेल, यात एवढं काय? ऐतिहासिक चित्रांत, नाटकांत, कादंबऱ्यांत अंदाजच असतात. खरं आहे. पण कादंबरीकाराला गप्प राहता येतं. वाऱ्याबद्दल एक शब्द न लिहिता तो अख्खं प्रकरण काढू शकतो, वाचकाला उणीव भासतही नाही. माझ्या पाटीवर प्रत्येक चौरस सेंटिमीटरला काहीतरी असावंच लागतं. रिकामी ठेवलेली जागासुद्धा शांत पाणी होते आणि शांत पाणी म्हणजेही एक विधान. माझ्या शोधनिबंधातल्या आलेखावर प्रत्येक बिंदूला खालीवर छोटी रेघ असते, ‘चूक असली तर एवढी’ हे सांगणारी. फोमच्या लाटेला अशी रेघ काढता येत नाही.

खरा पेच त्याच्याही पुढचा आहे. माझा पहिला समुद्र वाईट होता, पुडिंगसारखा. तो बघून कोणी म्हणालं नसतं की त्या दिवशी असं झालं. पाण्यावर हात बसत गेला तसतसा बघणाऱ्याचा संशय कमी होत गेला. क्लबात एका नमुना तुकड्याकडे पाहून एकजण म्हणाला, ‘बरोबर, हीच लाट बोट उलटवणार.’ मी ती लाट दोन दिवसांपूर्वी चहा पिता पिता चमच्याने कोरली होती. अंदाज तोच, पुडिंगातही तोच होता. फक्त आता तो अंदाज आहे हे दिसेनासं झालं होतं. आमच्या छंदात ‘किती खरं वाटतंय!’ ही सर्वांत मोठी शाबासकी. त्या संध्याकाळी ती ऐकून मला लाजच वाटली. सहाशे माणसांच्या शेवटच्या क्षणातून मी माझ्या ब्रशसाठी वाहवा मिळवत होते, तेही न घडलेल्या लाटेवर.

यातून सुटायचा जुना मार्ग आहे. जहाजबांधणीच्या कंपन्या स्वतःसाठी जे नमुने करून घ्यायच्या त्यांना पाणी नसतंच. अख्खी बोट, तळासकट, दोन खांबांवर काचेच्या पेटीत. न्यूकासलच्या डिस्कव्हरी म्युझियममध्ये असे नमुने पाहावेत, डोळे निवतात. ते बोटीबद्दल बोलतात, प्रसंगाबद्दल अवाक्षर काढत नाहीत. मीही तसंच करायचं ठरवलं होतं. दोन आठवडे रामदास कोरड्या लाकडावर उभी होती. मला ते पटलं नाही. पाणी वगळलं तर बोट निर्दोष, सुबक दिसते, आणि ती सुबकताही एक प्रकारची थापच. तिच्याबद्दल आमच्या घरात जे काही ठाऊक आहे ते पाण्यामुळेच.

आजीला व्हिडिओ कॉलवर विचारलं, त्या दिवशी समुद्र कसा होता गं? ती म्हणाली, ‘मला काय ठाऊक? मी घरी होते. अंगणात घोट्याएवढं पाणी होतं, तेवढंच पाणी मला आठवतं.’ मग थोड्या वेळाने म्हणाली, ‘आईने नंतर कधी लाँचमध्ये पाय ठेवला नाही. आम्ही पेणवरून जायचो.’ तिच्या बोलण्यात एकही गोष्ट अशी नव्हती जी तिने स्वतः पाहिली नव्हती. आणि मी, पन्नासेक वर्षांनी जन्मलेली, त्या लाटेची उंची मिलिमीटरमध्ये ठरवत बसले होते.

तेव्हा मी उलट सुरुवात केली. मला काय सांगता येतं? तर वारा नाही, लाट नाही, पण पाण्याची पातळी सांगता येते. चंद्र त्या दिवशी कुठे होता यात अंदाज नाही. अमावास्येच्या सुमाराला मुंबईत भरती दुपारी बाराच्या आसपास पुरी होते, हे कुठलाही कोळी सांगेल. म्हणजे बोट सुटायच्या वेळी पाणी चढत होतं, अर्ध्याच्या जवळपास. उधाणाच्या दिवसांत ओहोटी-भरतीत चार-साडेचार मीटरचा फरक पडतो, माझ्या प्रमाणात तीन सेंटिमीटर. एवढ्यात चूक झाली तरी ती मोजता येण्याजोगी असेल. पाण्याचा रंगही माहीत आहे. पावसाळ्यात मुंबई बंदराचं पाणी चहासारखं गढूळ असतं, बोटभर खालचं दिसत नाही. दुकानातल्या रेझिनच्या बाटल्यांवर लिहिलेली निळी-हिरवी नावं तिथे कामाची नाहीत. रेझिनचा सगळा मोठेपणा पारदर्शकतेत, आणि माझ्या समुद्राला तीच नको होती. उरलेल्या दोन बाटल्या क्लबात देऊन टाकल्या.

बोट आता धक्क्याला बांधलेली आहे. दोर सुटलेला नाही. धक्क्याच्या आडोशाला पाणी जेमतेम हलतं, तिथे माझा अंदाज कागदाच्या सुरकुतीएवढा. क्लबातल्या काहींना हे फारसं आवडलं नाही, एवढी गोष्ट असलेली बोट आणि बांधून ठेवली? एकाने पळवाट म्हटलं. असेलही. बुडण्याचा देखावा कोणी करूच नये असं माझं म्हणणं नाही. वाचलेल्यांपैकी कोणी तो केला असता तर मी मान खाली घालून पाहिला असता. मला तो हक्क नाही, एवढंच मला दिसतं, आणि चांगला हात असणं म्हणजे हक्क असणं नव्हे हे मला उशिरा कळलं. खाली पितळी पट्टीऐवजी साधी चिठ्ठी लावली आहे: पाण्याची पातळी हिशेबाने, रंग पाहण्यातला, बाकी अंदाज. पट्टीपेक्षा ती चिठ्ठीच लोक जास्त वेळ वाचतात. परीक्षकांनी तिचे गुण कापले की नाही ते मात्र सांगितलं नाही.

मागच्या रविवारी आजीला फोटो पाठवले. धक्क्याच्या कडेच्या पायऱ्या मी विचार करून रंगवल्या होत्या. पाणी चढतंय, तेव्हा खालच्या ओल्या, शेवाळलेल्या, आणि पाण्याच्या वरच्या कोरड्या, धुळकट. तिने चष्मा लावून, फोन जवळ-लांब करून बराच वेळ पाहिलं. बोटीबद्दल काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘या वरच्या पायऱ्या कोरड्या कशा गं?’

मी भरतीचं गणित सांगायला लागले.

‘अगं, आषाढ होता,’ ती म्हणाली.

वरच्या सगळ्या पायऱ्यांना वार्निशचा एक हात दिला आहे. दुसरा उद्या देईन.